श्रावणातली काकवी

चहा निवला तरी चालेल, पण हे ऐका. गाढवपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. पण मिरजेहून कोल्हापूरला येताना एस.टी.त जो केला, त्याला तोड नाही. आता कुठल्या तोंडानं सांगू? सांगतो मात्र. बाहेर कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

दारूबंदी लागून दोन-चार वर्षं झाली असतील. मी हायस्कुलात भूगोलाचा मास्तर, वय चोपन्न. लघवीचा त्रास सुरू झाला. आज बरं वाटेल, उद्या बरं वाटेल करत सहा महिने काढले आणि शेवटी मिरजेला डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी तपासलं, तपासण्या केल्या आणि चष्मा पुसत म्हणाले, "मास्तर, प्रोस्टेट म्हणून एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ आहे. कॅन्सरची."

चोपन्न वर्षं ही बया माझ्या पोटात बिऱ्हाड करून होती आणि मला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं! हसू नका. त्या वेळी पायाखालची जमीन सरकली होती. कॅन्सर झालेला माणूस परत आलेला मी तरी पाहिला नव्हता.

"दोन मार्ग आहेत," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या घ्या, नाहीतर ऑपरेशन करून गाठ काढून टाकू. गोळ्यांनी आजार दबून राहतो. पण छाती जरा बायकांसारखी वाढते."

आता तुम्हीच सांगा, मी राहतो कोल्हापुरात. रोज सकाळी तालमीवरून शाळेला जातो. तिथली पोरं वर्षानुवर्षं जोर मारून छाती काढतात. माझी नुसत्या गोळ्यांवर निघाली असती तर?

"कापा," मी म्हणालो.

खरी भीती वेगळीच होती. आमच्या शालनचं, धाकट्या मुलीचं, शिरोळच्या एका बागायतदारांच्या घरी ठरत आलं होतं. मुलगा शिकलेला, घर माणसांनी भरलेलं. शालननं मुलाला एकदाच बघितलं होतं, आणि तेव्हापासून पोरगी भाकरी करपवत होती. मुलीच्या बापाला कॅन्सर आहे म्हटल्यावर ते लोक 'घराण्यात रोग आहे' म्हणून पाठ फिरवणार. म्हणून मी हिला, म्हणजे आमच्या मंडळींना, बजावलं, "या कानाचं त्या कानाला कळता कामा नये."

"बरं," ही म्हणाली. लग्नाला तीस वर्षं झाली होती. हिच्या 'बरं'चा अर्थ मला तोवर कळायला हवा होता.

गल्लीत, शाळेत आणि शिरोळलाही मी सांगितलं, मिरजेला भाचीच्या मुलाचं बारसं आहे. ऑपरेशन, पुढचा ताप, टाके सगळं मिळून साडेतीन आठवडे गेले. साडेतीन आठवड्यांचं बारसं! पण कुणी चकार शब्द विचारला नाही. मला वाटलं, काय बेमालूम थाप मारली आपण!

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "गाठ पुरती निघाली आहे. लघवीची रबरी नळी अजून पंधरा दिवस ठेवायची. तिची बाटली कायम खाली ठेवायची, वर उचलायची नाही. आणि नळीला हिसका बसू द्यायचा नाही."

तर मी असा निघालो. धोतरातून बाहेर आलेली नळी पायाजवळच्या कापडी पिशवीत, पिशवीत बाटली आणि वरून झाकायला मेथीची जुडी. बाटलीतला रंग अजून जरा तांबूस होता. हिला पुढं बायकांच्या बाकावर जागा मिळाली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. मी मागं खिडकीशी पिशवी दोन पायांत धरून बसलो.

जयसिंगपूरला गाडी थांबली आणि कोण चढावं? शिरोळचे आप्पासाहेब! शालनचे होणारे सासरे! गाडीत दुसऱ्या दहा जागा होत्या, पण ते नेमके माझ्या शेजारी येऊन बसले.

"रामराम मास्तर! बारसं झ्याक झालं न्हवं?"

"झालं की! फारच छान झालं."

"तुमीच लई वाळलासा. बारशाचं जेवान मानवलं न्हाई जनू."

मी कसंबसं हसलो. मग तासभर ते ऊस-पावसाचं बोलत राहिले. कोल्हापूर जवळ आलं आणि त्यांचा पाय पिशवीला लागला.

"ही वर ठिवू की. पायात अडचन हुतीया तुमास्नी."

"नको नको! खालीच बरी आहे."

"आवो, पावन्याला लाजतासा व्हय? द्या हिकडं!"

आणि त्यांनी पिशवी वीतभर उचलली. नळी ताणली. कुठं ताणली ते विचारू नका! मी असा काही ओरडलो की ड्रायव्हरनं ब्रेक मारला. मी दोन्ही हातांनी पिशवी खाली दाबली.

"आसं हाय तरी काय त्यात?" आप्पासाहेबांनी मेथी बाजूला केली आणि बाटलीचा तांबूस गळा दिसला.

मला काहीतरी बोलणं भाग होतं. मध म्हणावं, तेल म्हणावं, औषध म्हणावं! जगात काय कमी वस्तू आहेत? पण मी म्हणालो, "काकवी आहे."

उसाच्या रसाची काकवी! कुणाला सांगतोय? ज्या माणसाचा सगळा जन्म गुऱ्हाळावर गेला, त्याला! आणि महिना कुठला? श्रावण!

"काकवी? आत्ता?" आप्पासाहेब ताठ बसले. "आवो, गुऱ्हाळं दिवाळीबिगर लागत न्हाईत. कुनी दिली ही तुमास्नी?"

"भाचीनं."

"फसवलं तुमास्नी! म्हंजी गेल्या सालची हाय. आन ही बगा, पान्यागत पातळ! आंबली आसनार. थांबा, बोटानं चाखून सांगतो."

"चाखू नका!"

"आवो, निसता वास घेतला तरी कळतंय आमाला."

"वास तर मुळीच घेऊ नका!"

पण ऐकतील तर ते शिरोळकर कसले! एका हातानं त्यांनी माझा हात धरला, दुसऱ्या हातानं बुचाशी झटायला लागले. एक बोट आत जाणार! माझा होणारा व्याही आणि माझी... नाही, मला पुढं बोलवत नाही. शालनचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि मी सगळा जीव एकवटून ओरडलो, "चाखू नका हो! दारू आहे!"

सगळी गाडी मागं वळून बघायला लागली. बोलण्याच्या नादात माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की आम्ही पंचगंगेच्या पुलाअलीकडच्या नाक्यावर थांबलो आहोत. आणि दारूबंदीच्या तपासणीसाठी हवालदार नुकताच गाडीत चढला आहे.

हवालदार म्हणजे गणपत. आमच्याच गल्लीतला, माझाच विद्यार्थी, भूगोलात दोनदा नापास.

"कोन म्हनलं दारू?" तो गरजला. मग मला बघून त्याचा आवाजच बसला. "मास्तर? तुमी? आवो, दारूबंदीवर तुमीच आमच्याकडनं निबंध लिवून घेत हुतासा की!"

"गणपत, बाळा, जाऊ दे."

"जाऊ दे कसं? कायदा हाय." त्यानं पिशवीत डोकावलं. "आन ही नळी कसली?"

आता नळी बाटलीतून निघून कुठं जाते, हे शोधायला भूगोल लागत नाही. गणपतची नजर नळीवरून वर वर सरकत माझ्या धोतरापर्यंत आली आणि तिथं थांबली. शाळेत जे डोकं कधी चाललं नाही, ते नेमकं तेव्हा चाललं.

"आयला! कमरंला दारूचा फुगा बांधलाय! मास्तर, ही हातभट्टीवाल्यांची जुनी ट्रिक हाय. उभं ऱ्हावा आन धोतर सोडा!"

"गणपत!"

"सोडा म्हन्तो न्हवं!"

या गोंगाटानं हिला जाग आली. ही उभी राहिली, मागं वळली आणि गाडीच्या टपापर्यंत आवाज लावून म्हणाली, "ए गनपा, हात लावशील तर बग! दारू न्हवं त्ये, ह्यांची लगवी हाय! कॅन्सरचं आपरेशन झालंय ह्यांचं!"

संपलं. मी डोळे मिटले. शालनचं लग्न मोडलं, अब्रू गेली, पुलाखालची पंचगंगा जवळच होती.

गणपत म्हणाला, "आवो काकी, आपरेशनचं साऱ्या गल्लीला ठाव हाय. तुमीच न्हाई का देवळात समद्यांदेखत अंबाबाईला नवस बोलला! पर नळीचं कुटं बोलला हुता?"

मी डोळे उघडले. आप्पासाहेब आपल्या बोटाकडं टक लावून बघत होते. मग त्यांनी ते धोतराला तीनदा पुसलं.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमची मंडळी आपरेशनच्या आदी आमच्या घरला ईऊन समदं सांगून गेल्यात. आमी म्हनलं, रोग काय कुनाला बी हुतोय. पर इतकं खरं बोलनाऱ्या आईची पोरगी पुन्ना मिळायची न्हाई. बारसं आमी आपलं तुमच्या मानाखातर इच्यारत हुतो."

काय सांगू तुम्हाला, मला तिथंच रडू आलं. हिच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

पंधरा दिवसांनी नळी निघाली. दिवाळीपर्यंत मी तालमीवरून शाळेला जायला लागलो, छाती होती तेवढीच. दिवाळी झाल्यावर याद्या करायला शिरोळची मंडळी आली. तिथी ठरली, मानपान ठरला. शेवटी आप्पासाहेबांनी कागद ओढून स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली आणि माझ्यापुढं सरकवला.

'मुलीच्या वडिलांनी दारू सोडावी.'

"अहो आप्पासाहेब! मी जन्मात थेंब घेतलेला नाही!"

"मास्तर, मानूस घाबरला की त्याच्या तोंडात जे नेहमीचं आसतंय त्येच येतंय. काकवी हुकल्यावर तुमाला दारूच कशी सुचली?"

ही पदरात तोंड लपवून हसत होती. आतल्या दाराशी शालन श्वास रोखून उभी होती. मी मुकाट्यानं सही केली.

आज शालनला दोन मुलं आहेत, माझी तब्येत ठणठणीत आहे. आणि शिरोळात कुणी पिऊन पडला की त्याला अजून माझंच नाव सांगतात, "कोल्हापूरच्या मास्तराकडं बग, एका दिसात सोडली!"