बर्फावरचे तीन ठोके

आइसलंडच्या हिमनदीवर चालून आलो, हे मी बल्लारपुरात इतक्यांना सांगितलंय की लोक आता मला पाहून रस्ता बदलतात. फोटोही दाखवतो. डोक्यावर हेल्मेट, बुटांखाली लोखंडी दाते, हातात टोकदार काठी आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव. फोटोत मी एकटाच आहे. वहिनी कुठे, असं कोणी विचारलं की मी पुढचा फोटो दाखवतो.

लेक-जावई तिकडे युरोपात असतात. त्यांनीच आम्हाला फिरायला नेलं. लेकीनं मोबाइलवर बर्फातली निळी गुहा दाखवली होती, तेव्हापासून बायकोनं ध्यासच घेतला. गुडघ्याला तेल चोळून रोज सकाळी नदीच्या पुलापर्यंत चालायची. मी अंथरुणातूनच तिला उत्तेजन देत असे.

नातू लहान, म्हणून लेक-जावई खाली गाडीपाशी थांबले. बायकोला इंग्रजी येत नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे मला येतं असा समज आहे. लेक म्हणाली, "बाबा, आईच्या जवळच राहा. तिले काई समजलं नाई तर सांगा."

"मले नको शिकवू," मी म्हणालो.

आम्ही दहा जण एका रांगेत निघालो. पुढे वाट दाखवणारी एक उंच तरुणी, सर्वांत मागे दुसरा वाटाड्या, पांढऱ्या दाढीचा. बायको रांगेत शेवटी राहिली आणि मी थेट पुढे जाऊन त्या तरुणीला गाठलं. आमच्याकडे वाघ असतात, असं तिला सांगितलं. ती "रिअली?" म्हणाली आणि मी सुटलो. व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटातून मी सहा वेळा आत गेलोय आणि एकदा शेपटी पाहिली आहे. त्या बर्फावर मात्र वाघ माझ्या अंगणात येऊन बसू लागले.

इथे एक सांगायला हवं. बायको मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या गावची. मोहाच्या दिवसांत तिकडे सगळं घर फुलं वेचायला जातं, प्रत्येक जण आपापल्या झाडाखाली. जंगलात कोणी कोणाला हाक मारत नाही, काठीनं खोडावर ठोकतात. एक ठोका म्हणजे मी इथी आहे. तीन म्हणजे ये. तीन ऐकले की हातातलं टाकून जायचं, काऊन म्हणून विचारायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिनं मला हे शिकवलं होतं. "याच्यात मस्करी नाई चालत," असंही बजावलं होतं.

वाटेत बर्फाला एक भेग होती. हातभर रुंद, पण खाली खोल कुठेतरी पाणी घुमत होतं. मी ओलांडली. बरंच पुढे गेल्यावर मागून आवाज आला. ठक, ठक, ठक. काठीचं टोक बर्फावर.

मी ओळखलं. लगेच ओळखलं. पण माझा वाघ त्या वेळी सफारीच्या जिप्सीवर झेप घ्यायच्या बेतात होता. शिवाय मनात आलं, वाघाच्या गप्पा मारणाऱ्याची बायको हातभर भेगेला भ्यायली, हे या पोरीला कशाला कळायला हवं? मागे तो दाढीवाला आहे, धरेल हात. पुन्हा तीन ठोके आले. मी आवाज चढवला आणि वाघाला झेप घ्यायला लावली.

गोष्ट संपल्यावर मागे पाहिलं. रांग आखूड झाली होती आणि दोन हेल्मेट उतारावरून खाली चालली होती. त्या तरुणीनं वायरलेसवर विचारलं आणि मला सांगितलं, तुमची बायको दमली, परत जातेय. मी परत फिरायला हवं होतं. गुहा दहा मिनिटांवर होती. मी गुहेत गेलो. निळी होती, मोबाइलमधल्यापेक्षा निळी.

खाली आलो तेव्हा बायको गाडीत नातवाला बिस्किट भरवत होती.

"मी थकली नव्हती जी," ती म्हणाली. "तुमी हात धरला असता तर झालं असतं माह्यं. त्या बुढ्यानं काईतरी इचारलं, मले समजलं नाई, मान हलवली. तर त्यानं खालीच आणलं." मग नातवाचं तोंड पुसत म्हणाली, "मी ठोकलं होतं. ऐकू नाई आलं काय?"

"हवा लय होती ना वर," मी म्हणालो.

गाडीजवळच्या खांबावर एक झेंडा होता. तो नुसता लोंबत होता. तिनं तो पाहिला की नाही, मला ठाऊक नाही. "कशी होती गुहा?" तिनं विचारलं. "काई खास नाई," मी म्हणालो. तिच्याशी एका दिवसातलं हे दुसरं खोटं.

यंदा मोहाच्या दिवसांत तिच्या माहेरी गेलो होतो. ऊन वर आलं होतं. ती तिच्या झाडाखाली, मी चार झाडं सोडून, टोपलीत फुलांपेक्षा पाचोळाच जास्त. आज तिला खरं सांगून टाकायचं असं ठरवलं आणि काठी उचलून खोडावर तीनदा ठोकलं.

ती पळत आली, दुखऱ्या गुडघ्यानं, पदर झुडपात अडकवत. "काय झालं?"

"काई नाई," मी म्हणालो. "सहज."

तिनं पदराला लागलेले काटे काढले. "सहज नाई ठोकत," म्हणाली आणि परत फिरली.

तिची टोपली तिकडे उपडी पडली होती. मी मागोमाग गेलो आणि तिच्या शेजारी बसून सांडलेली फुलं वेचू लागलो. त्या दिवशी बर्फावर हवा नव्हती, एवढंच तिला सांगायचं होतं.