अर्धा चेहरा

बंगलोरात रंगीत सिनेमे वाढू लागले होते, त्या दिवसांतली गोष्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला फोटो स्टुडिओ चालवणारे अण्णा फक्त कृष्णधवल सिनेमे बघत, आणि तेही कथेसाठी नव्हे. पडद्यावर नायिका धाय मोकलून रडत असली की ते माझा दंड दाबून आपल्या कानडीमिश्रित मराठीत मोठ्यानं म्हणत, "रडणं राहू दे रे, स्वल्प, जरा डाव्या गालाची सावली बघ!" पुढच्या रांगेतले लोक डोळ्यांवरचे रुमाल काढून आमच्याकडे रागानं बघत. रंगीत सिनेमाला ते मिठाईचं दुकान म्हणत.

ताईसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली, तेव्हा बाबांनी तिला फोटोसाठी अण्णांकडेच नेलं. अण्णा तासभर एकच दिवा मागेपुढे सरकवत होते. फोटो अगदी सिनेमातल्यासारखा आला. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा काळोखात. त्याच्या मागे स्टुडिओचा शिक्का मारून ते शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले.

बाबांनी तो फोटो पुण्याच्या एका स्थळाकडे पाठवला. आठवड्यानं मुलाच्या वडिलांचं पत्र आलं, "मुलीच्या दुसऱ्या गालाला काही झालंय का?"

बाबांनी ते पत्र अण्णांपुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, "सरी, बरं" म्हणाले आणि ताईला पुन्हा स्टुलावर बसवलं. या वेळी होते नव्हते तेवढे सगळे दिवे लावले. ताई ताटासारखी सपाट आणि गोरीपान आली.

त्या फोटोवर लग्न जमलं. अण्णा लग्नाला आले, पोटभर जेवले. नंतर एकदा ताईच्या घरी मी तो फोटो उलटून पाहिला. मागे शिक्का नव्हता.