दातखीळ
पडद्यांच्या दुकानात सगळे तिला वहिनीच म्हणत. दुकान धाकट्या दिराचं. तो म्हणायचा म्हणून कारागीर म्हणू लागले, मग गिऱ्हाइकंही. नवरा मालाच्या ट्रकवर, सदा बाहेर. वहिनी मागच्या खोलीत मशीनवर बसायची, ओठांत टाचण्या धरून पडद्यांना चुण्या घालायची. बोलणं मोजकंच. "तोंडात टाचण्या आहेत ना," असं दीर गिऱ्हाइकांना हसत सांगायचा.

त्या वर्षी एका हॉटेलची मोठी ऑर्डर आली. ऐन घाईत तिच्या भावाचा फोन आला, आईचं बरं नाही. दीर म्हणाला, "वहिनी, शनिवारपर्यंत एवढं उरकू या, मग मीच गाडीने सोडतो." ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मान खाली घालून शिवत राहिली. शुक्रवारी सकाळी आई गेली. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं आणि भावजय रिकाम्या पलंगावरचं अंथरूण गुंडाळत होती. वहिनीच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. बायका आपसांत म्हणाल्या, काळजाची घट्ट आहे. थोड्याच दिवसांत ती परत मशीनवर बसली.

मग एका सकाळी जांभई देताना जबडा कट्कन वाजला आणि तोंड बोटभराच्या वर उघडेना.

"दातखीळ बसली की काय!" दीर घाबरला आणि तिला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. "दाढा झिजून सपाट झाल्यात. झोपेत दात खाता तुम्ही." रात्री दातांवर बसवायला त्यांनी प्लास्टिकची पट्टी करून दिली. वहिनीने चावून चावून त्या पट्टीला भोक पाडलं. डॉक्टरांनी दुसरी पट्टी दिली, पण सोबत एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा पत्ताही दिला.

त्या बाईंनी आधी तोंड पाहिलंच नाही. मान चाचपली, खांदे चाचपले. "खांदे कानाला भिडलेत. हे कधीपासून?"

"मशीनवर बसते ना."

"आणि जबडा?"

"आई गेली, त्यानंतर."

बाईंचा अंगठा गालातल्या स्नायूच्या गाठीवर होता. "दाबते. श्वास सोडा," त्या म्हणाल्या. वहिनीने श्वास सोडला आणि त्याबरोबर हुंदका आला. मग ती इतकी मोठ्याने रडली की बाहेर बसलेला पेशंट उठून उभा राहिला. बाईंनी हात काढला नाही.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "हे अंगाचं, ते मनाचं, असं आपण वाटून ठेवतो. स्नायूंना ती वाटणी ठाऊक नसते. शेक घ्या, व्यायाम करा, खुर्ची उंच करा. आणि जे गिळलंय, ते कुणाला तरी सांगा."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी वहिनीने ओठांतल्या टाचण्या काढून ठेवल्या.

"भाऊजी, मला आईकडे जायचं होतं. तुम्ही थांबवलंत."

दीर गडबडला. "तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, चालेल."

"नाही बोलले. पण तुम्ही परत विचारलंही नाहीत."

तो मापाची टेप गुंडाळत राहिला. पुढचे काही दिवस दोघांत लांबी-रुंदीपलीकडे बोलणं झालं नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी तो गाडी घेऊन दारात आला. "चला, तुमच्या भावाकडे जाऊन येऊ."

तिथे बसल्यावर त्याने आपणहून सांगितलं, "वहिनींना मी अडवलं होतं. ऑर्डर होती."

भाऊ बहिणीकडे पाहत राहिला. "आम्हाला वाटलं, तुलाच यायचं नव्हतं." भावजय आत गेली आणि वहिनीच्या आईची शाल आणून तिच्या मांडीवर ठेवली.

जबडा काही त्या दिवशी मोकळा झाला नाही. शेक, व्यायाम, रात्रीची पट्टी, सगळं चालू राहिलं आणि तोंड हळूहळू दोन बोटं, मग अडीच बोटं उघडू लागलं. कामाचा रेटा आला की डावीकडे अजून कट् वाजतं. सफरचंद ती कापूनच खाते.