दातांच्या दवाखान्यातलं पुस्तक

आमचे धाकटे भाऊजी दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवतात. बाहेर बसलेल्या पेशंटांचे घाबरलेले चेहरे पाहून त्यांनी हसऱ्या गोष्टी लिहिल्या. प्रकाशकांनी नकार दिला, तेव्हा स्वतःच पन्नास प्रती छापून बाकावर ठेवल्या.

मी चिडवलं, "भाऊजी, दाढ ठणकत असताना कोण वाचणार?"

"एकाने जरी वाचलं, तरी पुढचं लिहीन वहिनी. नाहीतर लिहिणं बंद."

आठवडाभर कुणी हात लावला नाही. मी देवाकडे रोज एक वाचक मागत होते.

काल मीच दाढ दाखवायला गेले. शेजारी बसलेल्या आजींचा नंबर आला, तर पुस्तकातून मान वर न करता त्या मला म्हणाल्या, "तू जा बाई आधी. माझी दोन पानं राहिलीत."

भाऊजी दारातच उभे होते. संध्याकाळी घरी येताना त्यांनी नवी वही आणली.