लाल वायरी आणि उधळलेली घोडी

माझ्या मुलीच्या लग्नात नवरदेवाची घोडी उधळली, एवढेच खरे आहे. बाकी या प्रसंगाविषयी बुऱ्हाणपुरात जे जे सांगितले जाते ते असत्य आहे, आणि त्यातले निम्मे माझा मेहुणा गजानन सांगतो.

गजाननाच्या कथेत माझ्या गाडीतून तोफ डागल्यासारखा आवाज निघतो, चार घरांची कौले खाली येतात आणि एका म्हशीचे दूध आटते. (गेल्या दिवाळीत म्हैस एक होती. या दिवाळीत दोन झाल्या!) वस्तुतः कौल एकच पडले, आणि ते मुळातच सैल होते. शिवाय गजानन त्या वेळी मुलीचा मामा म्हणून मांडवात उभा होता. त्याने डोळ्यांनी काहीही पाहिलेले नाही. ज्याने पाहिले तो मी. तेव्हा ऐका.

मी बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. सुनंदाचे लग्न ठरले तेव्हा देशाचे बाजार नुकते खुले झाले होते आणि इंदूरच्या दुकानांत परदेशी अँप्लिफायर मांडलेले दिसू लागले होते. माझ्याकडे एक जुनी व्हॅन होती. एका बाजूला विज्ञान, दुसऱ्या बाजूला व्हॅन. मध्ये फक्त अँप्लिफायरची उणीव होती. मी तो आणला, आणि साखरपुड्याच्या पंगतीत व्याह्यांना, म्हणजे इच्छापूरचे केळीचे बागाईतदार भागवत पाटील यांना, सहज बोलून गेलो, "पाटीलसाहेब, बँड सांगू नका."

पाटलांचा घास हातातच राहिला. "गुरुजी, एकच पोरगं आहे माझं. बँडशिवाय वर निघाला तर गावचे लोक वर्षभर मला बोलून राहतील."

"बँडवाल्यांना दम लागतो, पाटीलसाहेब. विजेला लागत नाही. शनवारा दरवाज्यापासून मांडवापर्यंत गल्लोगल्ली यंत्रमागांची खडखड आहे. तिच्यावर मात करील असा आवाज देतो. हा माझा शब्द!"

"शब्द ना? बघा हां. मग मी ठरवलेला बँड मोडतो."

आणि त्यांनी तो खरोखरच मोडला. आता माझ्या मुलीच्या सासरची अब्रू आणि माझा शब्द, दोन्ही माझ्या व्हॅनच्या मागच्या दारात येऊन बसले.

काम मी स्वतः केले. बॅटरीपासून जाड वायर आणली, तिच्यात फ्यूज बसवला. अर्थिंगसाठी पत्र्यावरचा रंग खरवडून काढला. (रंगावरच वायर कसली, तर स्पीकरमधून इंजिनाची शीळ ऐकू येते. हे मला ठाऊक होते. गजाननाला आजही नाही.) स्पीकरकडे जाणारी वायर दोन रंगांची असते, लाल आणि काळी, लाल म्हणजे धन, काळी म्हणजे ऋण. ती मी पसरतो न पसरतो तोच माझी थोरली बहीण, जिजी, हळदीचे ताट घेऊन अंगणात आली आणि तिथेच थबकली.

"हे काय रे? लग्नाच्या गाडीत काळी वायर?"

"जिजी, ती ऋण टोकाची आहे."

"कुणाच्या का टोकाची असेना! नवरदेवापुढे काळं चालायचं नाही. काढ आधी."

"मंगळसूत्रातले मणी काय पांढरे असतात?" मी बिनतोड मुद्दा मांडला.

"ते सौभाग्यलेणं आहे. तुझी वायर काय कुणी गळ्यात घालणार आहे? काढ म्हणते ना!"

विज्ञानाने जिजीपुढे आजवर अनेकदा माघार घेतली आहे, मीही घेतली. काळी वायर काढून टाकली आणि दोन स्पीकरांच्या चारही वायरी लाल घातल्या. गाडी सुवासिनीसारखी दिसू लागली! तेवढ्यात गजानन आत डोकावला.

"दाजी, सगळ्या लालच? मग धन कोणती, ऋण कोणती हे कसं ओळखणार? ऋणाला एक गाठ मारून ठेवा."

"बत्तीस वर्षे विज्ञान शिकवणाऱ्याला गाठी लागत नाहीत, गजानन. माझ्या लक्षात राहील."

(राहिलेही असते. मध्ये जेवण झाले.)

एक स्पीकर लावून मी चाचणी घेतली. ती उत्तम झाली; स्वयंपाकघरातली डब्यांची उतरंड हलली. दुसरा स्पीकर लग्नाच्याच दिवशी सकाळी इंदूरच्या बसने आला, तो घाईत जोडला. तेव्हा 'चाचणी न घेता निघाले' हा आरोप निम्माच खरा आहे, म्हणजे खोटा आहे.

निघताना सौभाग्यवतीने वाट अडवली. "मुलीचा बाप मांडवात उभा असतो. नवरदेवापुढे गाडी हाकत नसतो."

"पोचवून देतो आणि आलोच."

"मंगलाष्टकांच्या आत या. आयुष्यात एकदाच आहे ते."

"अगं, मुहूर्तावर कोणता नवरदेव पोचला आहे आजवर?" असे म्हणून मी गाडी काढली.

मिरवणूक निघाली. पुढे माझी व्हॅन, मागचे दार उघडे. मागे नाचणारी मंडळी, आणि त्यांच्या मागे घोडीवर जावई प्रकाशराव. घोडीवाल्याने मला छातीवर हात ठेवून सांगितले होते, "गुरुजी, बीस साल से यही रस्ता, यही मांडव. इसके कान के पास बंदूक चलाओ, हिलेगी नहीं." मी ऐटीत बटण दाबले. गाणे सुरू झाले, आणि त्यातून जो काही आवाज निघाला तो... कसे सांगू? कुणीतरी रांजणात बसून शिंकत असावे! ठेका असा नव्हताच. दोन्ही बाजूंचे यंत्रमाग जणू टाळ्या पिटून मला हसत होते.

नाचणारी मुले थांबली. "काकाजी, बेस तो आ ही नहीं रहा!"

मी आवाज वाढवला. शिंक मोठी झाली, ठेका नाही.

पाटील घाम पुसत खिडकीशी आले. "गुरुजी, बँडवाला इथंच मागच्या गल्लीत राहतो. आताही बोलावता येईल."

"पाटीलसाहेब, मी शब्द दिला आहे!" असे गरजून मी अँप्लिफायरची कळ शेवटच्या टोकापर्यंत फिरवली. ठेका तरीही नाहीच!

आणि मग, भर रस्त्यात, मला साक्षात्कार झाला. एका स्पीकरचा पडदा बाहेर येत होता त्याच क्षणी दुसऱ्याचा आत जात होता. एक हवा ढकलतो, दुसरा ती ओढून घेतो. ठेका जन्मतो आणि जागीच मरतो. एका जोडीत माझे धन आणि ऋण उलटे बसले होते! (जिजीमुळे. गजानन 'गाठीमुळे' म्हणतो. दुर्लक्ष करा.)

मी गाडी थांबवली आणि यंत्र बंद केले. टॉर्चमधला सेल काढला आणि वायरींची टोके त्याला लावून पाहिली. पहिला पडदा टचकन बाहेर आला, दुसरा टचकन आत गेला. सापडला! भोवती सारी मिरवणूक गोळा झाली होती. घोडीसुद्धा मान पुढे काढून पाहत होती. मी उलटी जोडी सुलटी केली, उभा राहिलो, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचत असे त्या आवाजात म्हणालो, "आता ऐका!"

बटण दाबले.

कळ अजून शेवटच्या टोकालाच होती.

'गुरुजी आवाज कमी करायला विसरले', असे लोक म्हणतात. मी विसरलो नव्हतो. मला ते त्या वेळी आठवले नव्हते, इतकेच. तो ठेका छातीत शिरून पाठीतून बाहेर पडला. यंत्रमागांची खडखड ऐकू येईनाशी झाली. मात! संपूर्ण मात! मी दोन्ही पडद्यांकडे पाहत होतो. एकदम बाहेर, एकदम आत, कवायतीच्या मुलांसारखे! माझे डोळे भरून आले. एक गाणे झाले, दुसरे झाले, तिसरे सुरू झाले. एवढ्यात शेजारच्या ओसरीतून एक म्हातारी कानात बोटे घालून माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"बंद करो, गुरुजी! सुननेवाला बचा कौन है?"

मी वळून पाहिले. रस्ता रिकामा होता. एक फेटा पडला होता आणि सात-आठ चपला.

पुढचे मला नंतर कळले. पहिल्याच ठेक्याला घोडी दोन पायांवर उभी राहिली आणि जावयांना घेऊन सुटली. वीस वर्षांत तिला एकच रस्ता ठाऊक होता, त्यामुळे ती थेट मांडवात गेली. मागून पाटील, त्यांच्या मागून नाचणारी मुले, त्यांच्या मागून घोडीवाला! भटजींनी घड्याळ पाहिले. मुहूर्ताला एक मिनिट बाकी होते आणि नवरदेव दारात हजर! असा योग त्यांच्या हयातीत आला नव्हता. त्यांनी कुणालाही श्वास घेऊ न देता अंतरपाट धरला.

मी पोचलो तेव्हा लोक अंगावरच्या अक्षता झटकत होते. कन्यादान मिळाले, मंगलाष्टके हुकली. सौभाग्यवती काही बोलली नाही. (ती अजूनही त्या विषयावर काही बोलत नाही, आणि त्याला आता बरीच वर्षे झाली.) पाटील मात्र धापा टाकत माझ्यापाशी आले आणि हात जोडून म्हणाले, "गुरुजी, शब्द पाळला हां तुम्ही. फक्त आम्ही ऐकायला थांबलो नाही."

गजानन सांगतो की सुनंदाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये ऐन मंगलाष्टकांच्या वेळी तिचा बाप कुठेच नाही. हेही असत्य आहे. मी ती कॅसेट अनेकदा पाहिली आहे. भटजी 'शुभ मंगल' म्हणतात, सुनंदा मान वर करून कुणाला तरी शोधते, आणि नेमके त्याच वेळी तीन गल्ल्यांपलीकडून स्पष्ट ऐकू येते: धम्, धम्, धम्.

तो मी!