वरचा एक डॉलर

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत जेलमध्ये आहे हे मला मस्कतमध्ये, रुवी भागातल्या माझ्या ऑफिसात, पगाराची शीट तपासताना कळलं. त्याच्या रूममेटचा मेसेज आला होता. भावाने दारू पिऊन गाडी चालवली, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीवर घातली, आणि ही त्याची दुसरी वेळ. आता तो तिथल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जेलमध्ये होता. व्हिसाचीही भानगड निघाल्यामुळे जामीन भरूनही सुटणार नव्हता. खाली त्याचा कैदी नंबर आणि एका वेबसाइटचा पत्ता. ‘दीदी, उसके खाते में पैसे डालो. फोन, साबण, सब उसी से मिलता है. मेरा ग्रीन कार्ड का चल रहा है, मेरा नाम नहीं आना चाहिए.’ मला त्या रूममेटचा राग आला. मग वाटलं, त्याच्या जागी मीही हेच केलं असतं, आणि आणखीच राग आला.

संध्याकाळी वादी अदाई भागातल्या आमच्या घरी नवरा आणि मी लॅपटॉप उघडून बसलो. वेबसाइटने नंबर घेतला आणि भावाचा फोटो दाखवला. दाढी वाढलेली, नजर कुठेतरी तिसरीकडे. मी पटकन पान खाली सरकवलं. पुढे पैसे भरणाऱ्याचा पत्ता हवा होता. राज्य निवडा म्हणून लांबलचक यादी, त्यात मस्कत नव्हतं आणि महाराष्ट्रही नव्हता. नवऱ्याने आपल्या मनाने एक राज्य निवडलं, कार्डाचा नंबर घातला. कार्ड नाकारलं गेलं. दुसऱ्या कार्डाचंही तेच.

“वरच्या मजल्यावरच्यांचा मुलगा आहे की तिकडे,” नवरा म्हणाला. “त्याला सांगू या.”

“सांग ना. आणि मंडळाच्या गणपतीत माइकवरूनही सांग, म्हणजे कोणी राहायला नको.”

त्याने लॅपटॉप मिटला. मस्कतमधली मराठी माणसं वाईट नाहीत, पण बातमी इथून पुण्याला पोचायला विमान लागत नाही. आणि पुण्यात आई होती. वडील गेल्यापासून एकटी, त्यात रक्तदाब. तिला मी सांगून टाकलं होतं की तो प्रोजेक्टसाठी आडगावात गेलाय, तिथे फोन लागत नाही. हे तिच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, एवढंच मला त्या दिवसांत पक्कं माहीत होतं.

ऑफिसात माझ्या शेजारी एक मल्याळी बाई बसायची. तिची बहीण अमेरिकेत नर्स होती. मी दोन दिवस तिच्या टेबलाभोवती घुटमळले आणि शेवटी पँट्रीत गाठून विचारलं, जेलमधल्या एकाच्या खात्यात तुझी बहीण तिकडून पैसे भरेल का.

“कौन है?” तिने विचारलं.

“भाई है.”

तिने लगेच मोबाइल काढला. “कितना?”

“एक सौ एक डॉलर.”

“एक क्यों?”

“हमारे में ऐसे ही देते हैं.”

“जेल में भी?” तिने अगदी सरळपणे विचारलं होतं, पण मला स्वतःचीच चीड आली. पाकिटावर रुपया चिकटवून द्यायला ही काय त्याची मुंज होती? शंभरच सांगावेत म्हणून तोंड उघडलं, तोवर तिने बहिणीला मेसेज करूनही टाकला होता. “खलास,” ती म्हणाली. मी तिला रियाल मोजून दिले. दुसऱ्या दिवशी तिच्या बहिणीचा निरोप आला, पैसे जमा झाले.

आता त्याचा फोन यायला हवा होता. त्यानंतर अनोळखी नंबर दिसला की मी झडप घालून उचलायचे. कर्ज हवंय का विचारणाऱ्याशीही मी आधी “हॅलो, बोल रे” म्हणून बोलले. मोबाइल बाथरूममध्येसुद्धा बरोबर. वरण दोनदा करपलं. घरात बसवेना म्हणून नवऱ्याला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अल खौदपर्यंत गाडी काढायला लावली, आणि तिथे पोचल्यावर म्हटलं, चल परत. त्या बिचाऱ्याने निमूट गाडी वळवली, म्हणून त्याच्यावरही डाफरले.

फोन येत नव्हता. कधी वाटायचं, माजलाय, ताईशी बोलायला तोंड नाही म्हणून बसलाय. कधी वाटायचं, केरळच्या कोणा बाईच्या नावाने आलेले पैसे, त्याला काय कळणार कोणी पाठवले? त्याला वाटत असेल, घरच्यांनी सोडून दिलं. आणि मग जे मनात यायचं ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्याने जिवाचं काही बरंवाईट केलं तर, या भीतीने माझी जेवणावरची वासनाच उडाली होती.

शुक्रवारी सुट्टी, म्हणून आईला फोन ठरलेला. दर शुक्रवारी मी त्या आडगावाबद्दल काहीबाही सांगायचे. तिथे बर्फ पडतो, कँटीनचं जेवण बेचव आहे. आई हं हं करायची.

अशाच एका शुक्रवारी मी बर्फाचं सुरू केलं, तर ती मध्येच म्हणाली, “त्याचे पैसे संपत आलेत गं. आणखी घाल.”

“तुला कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“आधी एक बाई इंग्रजीत बोलते, मग एक दाबायचं,” आई म्हणाली. “पहिल्या वेळी मी ठेवूनच दिला. पण त्यातला जेल शब्द कळला. दुसऱ्यांदा आला तेव्हा दाबलं.”

त्याचा मोबाइल पोलिसांनी काढून घेतला होता. माझा मस्कतचा नंबर त्याला पाठ नव्हता. पाठ होता फक्त पुण्याच्या घरचा, जो बाबांनी आम्हा दोघांकडून लहानपणी घोकून घेतला होता. मी पैसे घातले ते आईला कळू नये म्हणून इतक्या आडवाटेने, आणि त्याच पैशांनी त्याने आईलाच फोन लावला होता.

“नाव भलत्याच बाईचं होतं म्हणे,” आई म्हणाली. “पण वर एक होता. म्हणाला, ताईशिवाय कोण घालणार?”

मला रडू फुटलं. “कधीपासून माहितीये तुला?”

“झाले तीन शुक्रवार.”

“मग बोलली का नाहीस? मी आपली बर्फ काय, कँटीन काय...”

“तू इतकं जीव लावून सांगत होतीस,” आई म्हणाली. “आणि मला तो बर्फात आहे हे ऐकायला बरं वाटायचं.”