वेळेआधी वाजलेली घंटा

आमच्या सायकल क्लबच्या अध्यक्षांनी काकांना फसवलं. सगळ्यांच्या देखत फसवलं आणि वर हसत फोटो काढून घेतला.

काका म्हणजे क्लबातले सर्वांत वयस्कर सभासद, रेल्वेतून निवृत्त झालेले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांची सायकल वर्षभर जिन्याखाली पडून होती. थंडीतल्या बागांच्या राइडला ते परत आले ते एकाच गोष्टीसाठी. त्यांना शेवटची घंटा वाजवायची होती.

ती पितळी घंटा मी आणलेली. सियागंजच्या बाजारात माझं हार्डवेअरचं दुकान आहे, ते मी एकटीने उभं केलं. घंटेचा नियमही मीच भांडून करून घेतला. राइड तुकोगंजातून निघते, वाटेतल्या बागांच्या फाटकांशी थांबत थांबत मेघदूत बागेशी संपते. तिथे फाटकाजवळच्या झाडाला घंटा टांगायची आणि जो सर्वांत शेवटी पोचेल त्यानेच ती वाजवायची. तोवर पोह्यांना कोणी हात लावायचा नाही. जोरात पळणाऱ्यांना हा नियम कधीच आवडला नाही. त्यांच्यासाठीच तर केला होता. बाजारात नवी होते तेव्हा मला प्रत्येक गोदामात सर्वांत मागे उभं करायचे. मागे राहिलेल्याला कसं वाटतं, ते मला कोणी समजावू नये.

त्या रविवारी धुकं होतं. काकांच्या सोबतीने चालवायचं काम मी मागून घेतलं. दुसऱ्या बागेनंतर काका खाली उतरले आणि सायकल ढकलत चालू लागले. मीही उतरले.

"तू हो पुढे. माझ्यापायी तुझे पोहे थंड होतील."

"थांबतील सगळे. न थांबून जातात कुठे?"

"अगं, जन्म रेल्वेत गेला माझा. लेट पॅसेंजरसाठी कोण थांबतं?"

"ही गाडी थांबते. चला, बसा सायकलवर."

हसले आणि बसले. मेघदूतच्या अलीकडच्या वळणावर आलो आणि समोरून घंटा ऐकू आली. मग टाळ्या. काकांनी ब्रेक दाबला, कानटोपी खाली ओढली.

"झालं वाटतं त्यांचं. मी इथूनच घरी वळतो."

मी त्यांचं हँडल धरलं. वळू दिलं नाही.

फाटकाशी सगळे पोहे-जलेबी खात उभे. दुसऱ्या शहरातल्या क्लबचे एक पाहुणे आले होते, त्यांना लवकर निघायचं होतं. म्हणून अध्यक्षांनी स्वतःच घंटा वाजवून फोटो उरकला होता.

"अरे ताई, तुम्ही तर नाराज झालात," अध्यक्ष म्हणाले. त्यांचे पूर्वज संस्थानाच्या दरबारात होते. त्या दरबारातून आपण कधी बाहेर आलो हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. "फोटोपुरतं होतं. काकाजी, तुम्ही परत वाजवा ना, क्या फर्क पडता है!"

"फरक पडत नाही, तर तुम्ही कशाला वाजवलीत?"

"ताई, सुबह-सुबह दुकानदारी नको."

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"दुकानदारच आहे मी, भिया. एकाला कबूल केलेला माल मी दुसऱ्याला देत नाही."

थंडीने बोटं वळत नव्हती, तरी मी दोरीची गाठ सोडली आणि घंटा काकांच्या हँडलला बांधली. पोहेवाल्याला दोन प्लेटी झाकून ठेवायला सांगितल्या. मग फाटकाशी पुन्हा नव्याने पोचायचं म्हणून सायकली हातात धरून आम्ही बागेला एक पूर्ण फेरी मारली. काही जण अर्धवट प्लेटी ठेवून आमच्याबरोबर आले. बाकीचे फोनमध्ये बघत राहिले, तेही माझ्या लक्षात आहेत. फाटकाशी परत आल्यावर काकांनी घंटा एकदाच वाजवली, हळू. टाळ्या थोड्याच पडल्या. "आता पोहे," ते म्हणाले, पण प्लेट त्यांनी तशीच अर्धी सोडली.

संध्याकाळी ग्रुपवर अध्यक्षांचा फोटो आला, खाली 'सर्व सदस्यांसह राइड पूर्ण'. त्यात काका कुठे आहेत, असं मी विचारलं. उत्तरात हात जोडलेलं चित्र आलं.

घंटा आता माझ्या दुकानात आहे. क्लबातला आधी एक जण मागायला आला, मग दुसरा. "नवी घेऊ आम्ही," असंही ऐकवून गेले. खुशाल घ्या. घासाघीस करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, पण या बाबतीत मी एक पाऊल मागे येणार नाही.

काका येत्या रविवारी येणार आहेत आणि सर्वांत शेवटीच पोचणार आहेत. अध्यक्षजी, फाटकाशी उभे राहा. ते पोचले की माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून सांगा: काका रस्त्यात असताना तुम्ही त्यांची घंटा का वाजवलीत?